तीन हाका

पहिली हाक आली तेव्हा फोरमनने रेडिओचा आवाज वाढवला.

हाक घरामागच्या शेडमधून आली होती. नुसतं "बाबा". त्याआधी काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला होता आणि खिडकीचं तावदान थरथरलं होतं. पण शेड म्हटली की लोखंड पडायचंच. सून रागाच्या भरात काहीतरी आपटत असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. आणि आता हाक मारतेय म्हणजे समेटाचं काहीतरी असणार. मारू दे. त्याने बटण आणखी थोडं पिळलं. बातम्या देणारी बाई खोलीभर बोलू लागली.

गेले तीन दिवस त्याने तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे जेवायला उघडत होता, गोळ्या घ्यायला उघडत होता, बोलायला नाही. सून ताट आणून ठेवायची, उशी सरळ करायची, आंघोळ घालायची आणि तो भिंतीकडे बघत राहायचा. अबोला धरायला माणसाला पाय लागत नाहीत, एवढं एक बरं होतं.

सगळं आयुष्य एका मोठ्या वर्कशॉपात फोरमन म्हणून काढलेला माणूस. नोकरी सुटली तरी हुद्दा सुटला नाही. गल्लीत, दुकानात, दवाखान्यात तो फोरमनच राहिला. निवृत्तीनंतर त्याने घरामागे पत्र्याची शेड घातली आणि लोक आपल्या आजोबांच्या काळातल्या अमेरिकन गाड्या तिथे आणू लागले. ब्यूक, शेवरलेट, स्टुडबेकर. लांबलचक, डोळे वटारलेल्या, सुस्त गाड्या, ज्यांना हात लावायला बाजारातले मेकॅनिक कचरायचे. मुलगा हाताखाली तयार होत होता. सात वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तो गेला. पदरात मूल नव्हतं. सून आता माहेरी जाईल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. महिन्याभराने ती शेडमध्ये आली. नवऱ्याचा निळा डगला अंगात घातलेला, बाह्या दुमडलेल्या. "बाबा, मला शिकवा," म्हणाली.

त्याने शिकवलं. म्हणजे तो ओरडत गेला आणि ती शिकत गेली. आता ती डोळे मिटून कार्ब्युरेटर जोडायची. गिऱ्हाइकं तिला मिस्त्रीणबाई म्हणायची. दोन वर्षांपूर्वी फोरमन न्हाणीघरात घसरला, खुबा मोडला आणि कमरेखालचं शरीर जे रुसलं ते पुन्हा मार्गी लागलंच नाही. तेव्हापासून गाड्या तिच्या हातात आणि तोही तिच्याच हातात.

आणि तीन दिवसांपूर्वी चहाचा कप त्याच्या हातात देऊन ती समोर स्टुलावर बसली होती. सध्या शेडमध्ये असलेली हिरवी गाडी गुरांच्या डॉक्टरची होती. बायको वारल्यापासून एकटाच राहणारा माणूस. गाडी बघायला म्हणून आठवड्यातून दोनदा यायचा आणि गाडीकडे बघायचा नाही, हे फोरमनला दिसत नव्हतं असं नाही.

"बाबा, मी त्यांच्याशी लग्न करायचं म्हणतेय," ती म्हणाली. "तुम्हालाही तिकडेच न्यायचं ठरलंय आमचं."

बाकी सगळं त्याने एक वेळ गिळलं असतं. ते 'आमचं' घशात अडकलं. त्याने कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसरी हाक आली. "बाबा... ऐका ना." मग तिसरी. ती अगदी खालच्या पट्टीत होती, रेडिओतल्या बाईच्या दोन वाक्यांमधल्या फटीतून आली म्हणून कानावर पडली. फोरमन बोटं मोजल्यासारख्या हाका मोजत होता. चौथीला ओ द्यायची, असं त्याने ठरवलं. माणसाने ताणायचं म्हणजे तरी किती.

चौथी आली नाही.

बातम्या संपल्या, कसल्याशा तेलाची जाहिरात सुरू झाली. त्याने रेडिओ बंद केला आणि कान दिले. दुपारी तीन वाजता शेडमधून पान्याची टकटक यायला हवी होती, निदान तिचं ते ओठांतल्या ओठांत गुणगुणणं. काही नाही. आणि त्या शांततेत त्याला एकदम आठवलं की आज त्याने विचारलं नव्हतं.

दोन वर्षं हा शिरस्ता होता. ती गाडीखाली जायच्या आधी तो पलंगावरून ओरडायचा, "ठोकळे लावलेस का?" आणि ती तिकडून ओरडायची, "लावले!" कधीकधी त्याच्या ओरडण्यानंतर दोन-चार क्षण जायचे, लाकूड सरकल्याचा आवाज यायचा आणि मग "लावले!" यायचं. तेव्हा तो स्वतःशीच हसायचा. गाडीची मागची बाजू वर उचलली की गिअर काय आणि हँडब्रेक काय, दोन्ही सारखेच बिनकामाचे. दोघांची सत्ता मागच्या चाकांवर आणि ती चाकं हवेत. गाडी थांबते ती फक्त पुढच्या चाकांना लावलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या भरवशावर. त्यात शेडची जमीन दाराकडे उतरती. हिरवी गाडी दोन टनांची. फोरमननेच तिचं नाव हत्तीण ठेवलं होतं.

आज सकाळी, तीन दिवसांत पहिल्यांदाच, तिने जॅक ओढल्याचा आवाज त्याने ऐकला होता. उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या सरकवल्याचाही ऐकला होता. प्रश्न ओठांपर्यंत आला होता आणि त्याने तो दातांखाली धरून ठेवला होता.

"सूनबाई!" तो ओरडला. तीन दिवस न वापरलेला आवाज चिरका निघाला. "ए सूनबाई! ठोकळे लावलेस का?"

उत्तर नाही.

त्याने पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि स्वतःला खाली लोटून दिलं. खांदा फरशीवर आपटला. वॉकर कोपऱ्यात उभा होता, पण त्याला धरून उभं राहायचं तर मागून कोणीतरी सावरायला लागायचं आणि ते कोणीतरी शेडमध्ये होतं. तो कोपरांवर आला. एक कोपर पुढे, मग दुसरं, आणि मागून पोत्यासारखं ओढलं जाणारं धड. खोलीचा उंबरा ओलांडताना पायजमा कुठल्याशा खिळ्यात अडकला. त्याने तो तसाच फाडून नेला.

स्वयंपाकघरात त्याचा फोन फळीवर चार्जिंगला लावलेला होता. पलंगाशेजारचं सॉकेट ठिणग्या टाकतं म्हणून तिनेच तो इथे ठेवला होता. फळी माणसाच्या छातीइतकी उंच. त्याने हात वर केला. बोटं आणि वायर यांच्यात वीतभर अंतर राहिलं. एकदा, दोनदा. खिडकीकडे तोंड करून त्याने बेंबीच्या देठापासून हाक मारली. खिडकीपलीकडे बंद गोदामाची भिंत होती. भिंतीने ऐकून घेतलं.

फोन की जॅक? आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडणाऱ्या माणसाने आज स्वतःला हुकूम सोडला. जॅक.

शेडमध्ये उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्या तो उतरला नाही, पडला. तोंडात रक्ताची चव आली. डोळे उघडले तेव्हा समोर हत्तीण होती, मागून बसलेली, हातभर पुढे सरकलेली. एक घोडी दूर उडाली होती. दुसरी आडवी पडून मागच्या आखाखाली अडकली होती आणि तिने जेवढी फट राखली होती, तेवढ्यात त्याची सून होती. कॅनव्हासचे बूट बाहेर दिसत होते.

त्याने गाल जमिनीला टेकला. तिचं तोंड त्याच्याच बाजूला होतं. डोळे उघडे. ओठ निळसर. ते हलले, पण श्वास आत जायला जागा नव्हती तिथे शब्द बाहेर कसा येणार.

"बोलू नकोस. पाना आहे हातात? असला तर वाजव एकदा."

थोडा वेळ गेला. टण.

"बास. मी आलोय."

हात जॅककडे जायला वळवळत होते. पण ठोकळ्यांशिवाय जॅक लावला आणि गाडी आणखी बोटभर सरकली, तर ती आडवी घोडीही निसटेल. मग संपलंच. ठोकळे कामाच्या टेबलाखाली होते. सहा-सात फूट जायचं, सहा-सात फूट यायचं, आणि तिची छाती दर क्षणाला चेपत असताना तिच्यापासून लांब जायचं. तो लांब गेला. एक ठोकळा त्याने हाताने ढकलत आणला, दुसरा हनुवटीखाली दाबून. पुढच्या चाकाला एक पुढून आणि एक मागून लावला आणि तळहाताने ठोकला. गाडीच्या पलीकडे जाऊन दुसरं चाक धरायला वेळ नव्हता.

"ठोकळे लावले," तो मोठ्याने म्हणाला. "ऐकतेस ना? लावले मी."

टण.

मोठा जॅक गाडीखाली अडकला होता. जुना बाटली जॅक टेबलाच्या पायाशी धूळ खात होता. तो ओढून त्याने आखाखाली बसवला, दांडा खुपसला आणि कुशीवर पडून पंप मारायला लागला. पाच, सात, दहा. गाडी हलेना. अकरा, बारा. जॅक फुटका? मग लक्षात आलं की तेलाची झडप उघडीच आहे. ज्या चुकीसाठी त्याने वर्कशॉपात पोरांना उभं-आडवं झोडलं होतं तीच. त्याने दांड्याच्या टोकाने झडप पिळली. पुन्हा पंप. आता दांड्याला वजन लागलं. एका दाबाला नखभर, दुसऱ्याला नखभर.

"वाजव."

काही नाही.

"वाजव गं."

काही नाही. त्याने पंप थांबवला नाही. डोळ्यांत घाम गेला होता, का आणखी काही, पुसायला हात मोकळा नव्हता. "ठोकळे न लावता गाडीखाली जायला कोणी शिकवलं तुला?" तो ओरडला. "मी शिकवलं? सात वर्षं घसा फोडला तो काय भिंतींसाठी? मिस्त्रीणबाई म्हणे! गाडीखाली झोपायची वेळ आहे ही? मी विचारलं नाही, म्हणून तू... मी विचारलं नाही..."

नुसता दांडा वर-खाली होत राहिला.

टण. अगदी हलकं, कोणीतरी कंटाळून ओ दिल्यासारखं.

गाडी चार बोटं उचलली गेली तेव्हा तिने पहिला पुरा श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर आलेला आवाज माणसाचा वाटत नव्हता. त्याने घोडी हाताने चाचपून सरळ केली, आखाखाली उभी केली आणि मगच तिच्या डगल्याची कॉलर धरली. तो ओढत होता, ती एका टाचेने ढकलत होती, आणि दोघांचं मिळून एका धडधाकट माणसाइतकंही बळ नव्हतं. इंच इंच करत ती बाहेर आली.

मग दोघं जमिनीवर शेजारी शेजारी पडून राहिले. तिला उठता येत नव्हतं. त्याला तर नव्हतंच.

फोन तिच्या खिशात होता. काच तडकली होती, पण उजेड येत होता. तिने डाव्या हाताने तो काढून त्याच्या छातीवर ठेवला.

"त्याला लाव आधी," फोरमन म्हणाला. "तो जवळ आहे. मग दवाखान्याची गाडी."

तिने अंगठ्याने नंबर लावला. पलीकडून तिचं नाव घेत एक हसरा आवाज आला. फोरमनने फोन कानाला लावला.

"डॉक्टर, मी फोरमन बोलतोय. गाडी पडली हिच्यावर. जिवंत आहे. लवकर या."

*

चार बरगड्या आणि गळ्याजवळचं हाड. फुप्फुसाला मार, पण भोक नाही. आणखी दहा मिनिटं गेली असती तर, असं म्हणून वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरने वाक्य अर्धंच सोडलं होतं आणि फोरमनकडे कौतुकाने पाहिलं होतं.

कौतुकाचा नुसता पूर आला होता. गल्लीतली माणसं येत आणि त्याच्या सोललेल्या कोपरांकडे बघून हळहळत. नर्स त्याला चहा आणून देई. गुरांचा डॉक्टर तर शेजारच्या खाटांवरच्या पेशंटना बोलावून बोलावून सांगे, "कमरेखाली पाय नाहीत असं समजा, आणि दोन टनांची गाडी उचलली या माणसाने!" तोच रोज सकाळी घरी येई, फोरमनला आंघोळ घाली, दोन्ही हातांवर उचलून आपल्या जीपमध्ये बसवी. "वासरू याहून जड असतं," असं पहिल्या दिवशी म्हणाला होता. फोरमनला हसायला हवं होतं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. त्या माणसाचे हात चांगले होते, सवयीचे होते, आणि त्या हातांत आपण आहोत हेच सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर औषधं आणायला खाली गेला. दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत बसलेला फोरमन खाटेजवळ सरकला. सून छताकडे बघत पडली होती. तिने अजून कोणालाच फारसं काही सांगितलं नव्हतं; दम लागतो म्हणून सगळे तिला गप्प राहू देत होते.

"तू हाक मारलीस," तो म्हणाला. "ती ऐकली होती मी."

ती हलली नाही. "माहीत आहे."

त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"गाडीखालून सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. एका वाक्याला एक श्वास, असं बोलत होती. "मी हाक मारली... आणि रेडिओ मोठा झाला."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. खाटेचं लोखंड करकरलं.

"तीन मारल्यास," तो म्हणाला. का म्हणाला हे त्यालाही कळलं नाही. निदान मोजत होतो, एवढं तरी तिला कळावं म्हणून असेल.

"चार. चौथीला आवाज निघाला नाही."

चौथीला ओ देणार होतो, हे त्याच्या जिभेवर आलं. त्याने ते गिळलं. ते खरं होतं, पण कोणाला सांगण्याजोगं नव्हतं. तिला तर नाहीच.

"ठोकळे मीच विसरले," ती म्हणाली. "तो दोष माझा. तुम्ही विचारायचात, म्हणून मला लक्षात ठेवायची सवयच राहिली नव्हती." ती थांबली. तोंड वेडंवाकडं झालं. बरगड्यांत कळ आली होती. "यांना रेडिओचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. आणि तुम्हाला इथे टाकूनही जाणार नाही. ते ठरलंय ते ठरलंय. पण बाबा... तुमच्याशी बोलायला मला वेळ लागेल."

त्याने मान हलवली. तिने पाहिलं की नाही, कोण जाणे.

मग ती बोलली नाही. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. तो येत राहिला, खुर्ची खाटेच्या त्याच बाजूला लावून बसत राहिला. डॉक्टर दोघांमध्ये बसून एकटाच बोले. कोणाची गाय अडली, कोणाच्या घोड्याने लाथ घातली, हत्तीण आता टेकू देऊन कशी उभी केली आहे. सून त्याच्याकडे बघून हसे, कधी दोन शब्द बोले. फोरमनवरून तिची नजर भिंतीवरून जावी तशी जाई. राग नाही, द्वेष नाही, थांबायला जागाच नसल्यासारखी. घरी परतल्यावर तो रेडिओ लावत नसे. रिकाम्या घरात ऐकायला काही नव्हतं आणि तरी तो कान देऊन पडून राही.

सहाव्या दिवशी त्याने, "येऊ नको का मी?" असं विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती. त्याहून, उत्तरच आलं नाही तर, याची. सातव्या दिवशी ती पूर्ण वेळ झोपून होती. निदान डोळे मिटून होती.

आठव्या दिवशी डॉक्टरला मध्येच फोन आला आणि तो व्हरांड्यात गेला. दुपारची वेळ. नर्स कोणाचं तरी सलाइन बदलत होती. फोरमन मांडीवर हात ठेवून, कोपरावरची खपली बोटाने चाचपत बसला होता.

"बाबा," ती म्हणाली.

"ओ." इतक्या घाईने की शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

"पाणी देता जरा?"

तांब्या खाटेपलीकडच्या कपाटावर होता. खुर्ची मागे घ्यायची, खाटेला वळसा घालायचा, ब्रेक लावायचा, हात लांब करायचा. हे सगळं करायला त्याला बराच वेळ लागला. नर्स पुढे झाली. त्याने मानेनेच नको म्हटलं. भांडं त्याने काठोकाठ भरलं. ती उशीवरून थोडी उचलली गेली आणि त्याच्याकडे न बघता वाट बघत राहिली.

भांडं तिच्या ओठांपर्यंत पोचेतो अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेलं ती प्यायली.